अविश्वासाची कागदपत्रे : पॅरिसमधील अमेरिकन वकिलात आणि तिचा पत्रव्यवहार (१७७६-१७८३)

ऐतिहासिक पत्रांकडे पाहण्याची मराठी अभ्यासकाची दृष्टी प्रामुख्याने राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, पारसनीस यांनी प्रकाशात आणलेल्या कागदांवर घडली आहे. बखर ही घटनेनंतर पुष्कळ काळाने, बहुधा ऐकीव माहितीवर आणि कोणातरी आश्रयदात्याच्या सांगण्यावरून रचली जाते. पत्र मात्र घटना घडत असतानाच, ती ज्याच्या डोळ्यांसमोर घडते त्याच्या हातून उतरते, म्हणून ते अस्सल, हा त्या दृष्टीचा पाया होय. हा भेद करणे आवश्यक होते, यात शंका नाही. तथापि ‘अस्सल’ या शब्दाने कागदाचे वय आणि हस्ताक्षर यांची खात्री होते. लिहिणाऱ्याच्या हेतूची होत नाही. १७५० नंतरच्या दशकात दिल्लीत असलेले पेशव्यांचे वकील हिंगणे बंधू आणि तेथेच फौजेसह राहिलेला अंताजी माणकेश्वर यांनी परस्परांविरुद्ध पुण्यास ज्या तक्रारी केल्या, त्या दोन्ही बाजूंनी अस्सलच आहेत. दोन्ही बाजूंचे म्हणणे एकाच वेळी पूर्णतः खरे असणे मात्र शक्य नाही.

परमुलखात, युद्ध चालू असताना, एकाच धन्याने पाठविलेले वकील परस्परांवर नजर ठेवू लागले म्हणजे त्यांच्या पत्रांचे, रोजनिशांचे आणि पुढे त्यांच्या आत्मचरित्रांचे काय होते, हे पाहण्यासाठी दिल्लीहून दूरचे एक उदाहरण विशेष उपयोगी पडते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात कॉन्टिनेंटल काँग्रेसने पॅरिसला जे प्रतिनिधी पाठविले, त्यांनी आपसातील वैराची कागदपत्रे जितकी मागे ठेवली आहेत, तितकी फ्रान्सशी केलेल्या बोलण्यांची क्वचितच ठेवली असतील.

प्रथम पात्रे लक्षात घ्यावयास हवीत. सायलस डीन हा कनेक्टिकटचा व्यापारी. काँग्रेसच्या गुप्त समितीने त्याला मार्च १७७६ मध्ये पाठविले आणि जुलैमध्ये तो पॅरिसला पोहोचला. त्याला फ्रेंच जेमतेम येत होते, आणि वरवर तो खाजगी व्यापारासाठी आलेला होता. फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री व्हेर्जेन याने त्याची गाठ बोमार्शेशी घालून दिली. ‘सेव्हिलचा न्हावी’ या नाटकाचा कर्ता तो हाच. बोमार्शेने ‘रोदेरिग ऑर्तालेझ आणि कंपनी’ या नावाची एक खोटी व्यापारी पेढी उघडली होती. फ्रान्सच्या खजिन्यातून तिला दहा लाख लिव्र मिळाले होते आणि स्पेननेही तितकीच रक्कम घातली होती. तोफा, दारूगोळा, कापड, बूट हा सारा माल या पेढीच्या नावे अमेरिकेस जावयाचा, म्हणजे इंग्लंडशी उघड युद्ध न करता फ्रान्सचा हात त्यात राहावयाचा. या काळातील फ्रान्सच्या धोरणाची ही रीत मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच गृहस्थ पुणे दरबारी दाखल झाला तोही फ्रान्सचा नौकामंत्री सार्तीन याने पाठविलेला होता, आणि त्याच्या हालचालींनी पुण्यातील इंग्रज वकील मॉस्टिन आणि मुंबईकर इंग्रज किती अस्वस्थ झाले, हे पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे.

काँग्रेसने सप्टेंबर १७७६ मध्ये तीन प्रतिनिधींचे मंडळ नेमले : डीन, बेंजामिन फ्रँकलिन आणि थॉमस जेफरसन. जेफरसनने नकार दिला आणि त्याच्या जागी लंडनमध्ये असलेला व्हर्जिनियाचा आर्थर ली आला. डिसेंबर १७७६ मध्ये फ्रँकलिन पॅरिसला पोहोचला तेव्हा तो सत्तर वर्षांचा होता आणि विजेवरील प्रयोगांमुळे त्याची कीर्ती त्याच्या आधीच तेथे पोहोचलेली होती. लवकरच तो पॅरिसजवळ पासी येथे, शोमाँ नावाच्या धनिकाच्या वाड्यात राहू लागला. शोमाँ हा स्वतः अमेरिकेस माल पुरविणारा व्यापारी होता. वकिलातीचा घरमालकच पुरवठादार, ही गोष्ट पुढे संशयाला पुरून उरली.

आर्थर ली याचे चित्र बहुतेक इतिहासग्रंथांत एका विक्षिप्त, भांडखोर माणसाचे आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. त्याने एडिंबरोला वैद्यक आणि लंडनला कायदा यांचे शिक्षण घेतले होते. त्याचे बंधू रिचर्ड हेन्री ली हे काँग्रेसमधील वजनदार सभासद. दुसरे बंधू विल्यम ली यांना व्हिएन्ना व बर्लिन दरबारांसाठी नेमलेले होते. बोमार्शेशी बोलणी प्रथम लंडनमध्ये याच आर्थर लीने केली होती, आणि त्या बोलण्यांतून त्याची अशी समजूत झाली होती की हा माल म्हणजे फ्रान्सच्या राजाची देणगी आहे. डीनने मात्र त्याच मालासाठी तंबाखू वगैरे पाठवून किंमत फेडण्याचा करार केला. एका बाजूने पाहिले तर डीन आणि बोमार्शे राजाची देणगी काँग्रेसला विकून मधला पैसा खात होते; दुसऱ्या बाजूने पाहिले तर एका व्यापाऱ्याने दुसऱ्याशी सरळ व्यवहार केला होता. मुळात हा व्यवहार फ्रेंच सरकारने मुद्दाम अंधुक ठेवला असल्यामुळे कोणत्याही कागदाने त्याचा निकाल लागणे शक्य नव्हते. लीच्या संशयाला येथे जागा मिळाली. खरे तर येथपर्यंत तो संशय रास्तही होता.

यानंतर मात्र त्याची पत्रे वेगळ्या वळणाने जातात. डीनच्या हिशेबांविषयी, नांत बंदरात व्यापारी प्रतिनिधी असलेल्या फ्रँकलिनच्या नात्यातील जोनाथन विल्यम्सविषयी, फ्रँकलिनच्या घरात चिटणिशी करणाऱ्या त्याच्या नातवाविषयी (या नातवाचा बाप विल्यम फ्रँकलिन हा इंग्रजांशी निष्ठावंत राहिलेला गव्हर्नर होता), शोमाँविषयी, आणि अखेर खुद्द फ्रँकलिनविषयी त्याने अमेरिकेस सतत लिहिले. ऑक्टोबर १७७७ मध्ये आपल्या भावाला आणि सॅम्युएल अ‍ॅडम्सला लिहिताना तो सुचवितो की फ्रँकलिनला व्हिएन्नास आणि डीनला हॉलंडला पाठवावे. पॅरिसचे काम आपल्याकडे राहू द्यावे. देशहिताची काळजी आणि स्वतःच्या बढतीची इच्छा एकाच पत्रात इतक्या सहजतेने नांदतात की लिहिणाऱ्यालाही त्यांतील भेद जाणवत नसावा. ज्याला दांभिक म्हणावे असा ली नव्हता. आपण एकटेच प्रामाणिक आहोत अशी त्याची मनापासून खात्री होती, आणि तिच्यामुळेच त्याची पत्रे वाचणे कठीण होते.

या संशयात भर घालणारी एक विलक्षण घटना याच सुमारास घडली. मार्च ते ऑक्टोबर १७७७ या काळातील प्रतिनिधींचे सर्व अहवाल एका पाकिटात घालून जॉन फोल्जर नावाच्या कप्तानाबरोबर काँग्रेसकडे रवाना करण्यात आले. जानेवारी १७७८ मध्ये यॉर्क गावी, जेथे तेव्हा काँग्रेस भरत होती, ते पाकीट उघडले तेव्हा आतून कोरे कागद निघाले. खरे अहवाल जोसेफ हिन्सन या खलाशाने काढून इंग्रजांच्या हाती दिले होते. काँग्रेसला अनेक महिने पॅरिसची खबर नव्हती आणि जी आली ती कोऱ्या कागदांची. अशा पोकळीत लीची खाजगी पत्रे हाच काँग्रेसमधील अनेकांचा मुख्य आधार ठरला. डीनला परत बोलावण्याचा ठराव त्यापूर्वीच, १७७७ च्या अखेरीस झालेला होता. त्याने फ्रेंच अधिकाऱ्यांना भरमसाट हुद्दे वाटले हे त्याचे उघड कारण. त्याला आलेल्या पत्रात मात्र युरोपातील परिस्थितीची माहिती देण्यासाठी यावे, एवढेच सौजन्याने लिहिले होते. डीनने ते शब्दशः घेतले आणि हिशेबाचे कागद पॅरिसमध्येच ठेवून तो निघाला.

दरम्यान साराटोगा येथील इंग्रज शरणागतीची वार्ता ४ डिसेंबर १७७७ रोजी पासीत पोहोचली आणि ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्सशी दोन तह झाले, एक मैत्री व व्यापाराचा, दुसरा लष्करी. या यशस्वी आठवड्यांतही प्रतिनिधी भांडतच होते. व्यापारी तहातील काकवीवरील जकातीसंबंधीच्या दोन कलमांना लीने हरकत घेतली. सहकाऱ्यांना ती किरकोळ कुरापत वाटली. पुढे काँग्रेसने नेमकी तीच दोन कलमे वगळून घेतली. लीचे म्हणणे ग्राह्य असण्याचे असे प्रसंग थोडे नाहीत, पण त्याचा आवाज सदैव एकाच पट्टीत लागलेला असल्यामुळे ते ओळखणे त्याच्या सहकाऱ्यांनाही जमले नाही आणि बराच काळ इतिहासकारांनाही.

एप्रिल १७७८ च्या आरंभी लीने फ्रँकलिनला एक संतप्त पत्र लिहिले. डीन आणि त्याच्याबरोबर अमेरिकेस जाणारा पहिला फ्रेंच वकील जेरार यांच्या प्रयाणाची बातमी आपल्यापासून लपविली, असा त्यात आरोप होता. तो खरा होता. ३ एप्रिल रोजी फ्रँकलिनने त्याला उत्तर लिहिले. आजवर उत्तर न देण्याचे कारण भांडणाचा तिटकारा आणि लीच्या आजारी मनाची कीव हे आहे, आणि इतरांविषयी सतत संशय घेण्याची ही सवय वेळीच सोडली नाही तर तिचे पर्यवसान वेडात होईल, असा त्याचा आशय आहे. हे पत्र फ्रँकलिनने पाठविले नाही. मात्र ते फाडलेही नाही. आपल्या कागदांत जपून ठेवले. न पाठविलेल्या पत्राचा वाचक कोण, हा प्रश्न पत्रवाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे थांबून विचारावयास हवा. राग निवविण्यासाठी लिहिलेले पत्र लिहून झाल्यावर निरुपयोगी होते. जपून ठेवलेले पत्र हा पुरावा असतो, आणि तो पुढील पिढ्यांसमोर मांडावयाचा असतो. वादविवादापासून अलिप्त राहणाऱ्या, विनोदी, सहिष्णु फ्रँकलिनची जी प्रतिमा रूढ आहे, तिच्यात ही सावधगिरी बसविणे भाग आहे.

फ्रँकलिनचे दुसरे एक पत्र या प्रकरणात वारंवार उल्लेखिले जाते. जानेवारी १७७७ मध्ये जुलियाना रिची या बाईने आपल्याभोवती हेर आहेत, अशी त्याला सूचना दिली. त्याने उत्तर दिले की हेरांनी पाहिले तर लाज वाटावी असे काहीच न करण्याचा आपला नियम आहे. आपला खाजगी नोकर हेर असला, आणि बहुधा तो असेलच, तरी इतर बाबतीत तो पसंत असल्यास आपण त्याला काढणार नाही. या उत्तरातील प्रसन्नता मोहक आहे. पण राज्यकारभाराच्या दृष्टीने त्याकडे पाहिले तर त्यात बेफिकिरी दिसते, आणि त्या बेफिकिरीची किंमत लहान नव्हती.

कारण हेर खरोखरच होता. एडवर्ड बँक्रॉफ्ट हा मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला वैद्य, गियानाच्या निसर्गेतिहासावरील ग्रंथाचा लेखक, वनस्पतिजन्य रंगांचा जाणकार, लंडनच्या रॉयल सोसायटीचा सभासद. लहानपणी तो काही काळ सायलस डीनचा विद्यार्थी होता. डीन पॅरिसला येताच त्याने या जुन्या विद्यार्थ्याला मदतीस बोलावले, आणि थोड्याच काळात बँक्रॉफ्ट पासीच्या वकिलातीचा अनौपचारिक चिटणीस बनला. इंग्रज सरकारच्या गुप्त खात्याचे काम पाहणाऱ्या विल्यम ईडनसाठी त्याला पॉल वेंटवर्थने वश केले होते. ठरावाप्रमाणे तो ‘रिचर्ड्स’ नावाच्या काल्पनिक गृहस्थाला शृंगारिक पत्रे लिही. ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत अदृश्य शाईने वकिलातीच्या बातम्या असत. दर मंगळवारी रात्री साडेनऊनंतर हे कागद एका बाटलीत घालून, बाटलीला दोरी बांधून, तुइलरी उद्यानाच्या दक्षिणेकडील गच्चीवरील एका झाडाच्या ढोलीत सोडले जात. काही शे पौंडांपासून सुरू झालेली त्याची वार्षिक नेमणूक पुढे हजार पौंडांपर्यंत गेली.

आर्थर लीने बँक्रॉफ्टवर संशय घेतला होता आणि तो बोलूनही दाखविला होता. कोणी ऐकले नाही, आणि त्याचा दोष केवळ ऐकणाऱ्यांचा नव्हता. ज्याने डीन, विल्यम्स, शोमाँ, बोमार्शे, फ्रँकलिन या सर्वांवर कमीअधिक तीव्रतेने तोच आरोप केला होता, त्याच्या यादीत आणखी एक नाव वाढल्याने काय सिद्ध होणार? उलट, लीचा आरोप हेच बँक्रॉफ्टच्या निर्दोषपणाचे एक प्रमाण ठरले. आणि खुद्द लीचे घर? जून १७७७ मध्ये बर्लिनला गेला असता तेथील इंग्रज वकील ह्यू एलियट याच्या माणसांनी त्याच्या मुक्कामातून त्याचे कागद पळविले. पुढे त्याने चिटणीस म्हणून ठेवलेला मेजर थॉर्नटन हा इंग्रजांना बातम्या देत होता. सर्वांवर विश्वास ठेवणारा फ्रँकलिन आणि सर्वांवर अविश्वास ठेवणारा ली, दोघांच्याही मेजाशी शत्रूचा माणूस बसलेला होता. दोघांच्या स्वभावांत जमीनअस्मानाचे अंतर, परिणाम एकच. माणसामाणसांत फरक करण्याची गरज दोघांनाही भासली नव्हती.

एप्रिल १७७८ मध्ये डीनच्या जागी जॉन अ‍ॅडम्स आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आला आणि पासीला फ्रँकलिनच्याच घरी उतरला. तो आला तेव्हा वकिलातीचे दोन तट पडलेले होते : एकीकडे फ्रँकलिन, दुसरीकडे ली आणि तस्कनीसाठी नेमला गेलेला परंतु पॅरिसमध्येच अडकून पडलेला राल्फ इझार्ड. अ‍ॅडम्सने कोणत्याही तटात न जाण्याचा निश्चय केला, विस्कळित कागदपत्रे नीट लावली, पत्रांच्या नकलांच्या वह्या घातल्या. २१ मे १७७८ रोजी त्याने सॅम्युएल अ‍ॅडम्सला लिहिलेल्या पत्रात एकच वकील पुरेसा आहे असे सुचविले. या सूचनेमुळे आपलीच जागा जाणार, हे त्याला कळत होते. काँग्रेसने ती सूचना अमलात आणली, फ्रँकलिनला एकमेव वकील नेमले आणि अ‍ॅडम्सने पुढे काय करावयाचे याविषयी एक अक्षरही कळविले नाही. वकिलातीच्या सबंध इतिहासात स्वार्थ बाजूला ठेवून केलेली ही बहुधा एकमेव शिफारस, आणि तिचे फळ हा असा विसर.

अ‍ॅडम्सच्या लेखनाचे दोन थर नीट वेगळे ठेवणे आवश्यक आहे. १७७८-७९ ची रोजनिशी आहे, आणि १८०६ च्या अखेरीपासून लिहिलेला आत्मचरित्राचा पॅरिसविषयक भाग आहे. उशिरा उठणारा, भेटीगाठींत आणि मेजवान्यांत दिवस घालविणारा, सह्यांसाठीही हाती न लागणारा फ्रँकलिन, हे जे ठसठशीत चित्र सर्वत्र उद्धृत होते, ते आत्मचरित्रातील आहे. तेव्हा फ्रँकलिनला जाऊन सोळा वर्षे झाली होती, आणि मधल्या काळात अ‍ॅडम्सला त्याच्याकडून बसलेला एक घाव भरलेला नव्हता : १७८० च्या उन्हाळ्यात अ‍ॅडम्सचे व्हेर्जेनशी बिनसले तेव्हा फ्रँकलिनने त्याच्याविरुद्ध काँग्रेसला कळविले होते. बखरीविषयी जी सावधगिरी मराठी अभ्यासक बाळगतो, तीच येथे बाळगावी लागते. उलट फ्रँकलिनचे जगप्रसिद्ध आत्मचरित्र या वादात मुळीच उतरत नाही. त्याचा एक भाग १७८४ मध्ये पासीतच लिहिला गेला असला, तरी कथन १७५० नंतरच्या दशकाच्या अखेरीसच थांबते. त्यामुळे अ‍ॅडम्सचे म्हणणे विस्ताराने उपलब्ध आहे आणि प्रतिपक्षाची जागा मोकळी राहिली आहे. त्या मोकळ्या जागेत वाचक फ्रँकलिनची तरुणपणीची प्रसन्न प्रतिमा भरतात, आणि अ‍ॅडम्स आपोआपच मत्सरी ठरतो.

अ‍ॅडम्सने बँक्रॉफ्टलाही जवळून पाहिले होते. त्याची बेबंद राहणी, त्याचा शेअरबाजारातील सट्टा, बायबलची त्याने केलेली टवाळी या सर्वांची कडक नापसंती अ‍ॅडम्सने नोंदविली आहे. तो हेर असेल, एवढे मात्र त्याच्या मनात आले नाही. नीतीच्या चष्म्यातून पाहणाऱ्या या निरीक्षकाला बँक्रॉफ्टचे सगळे दोष दिसले आणि त्यांच्याच आड मुख्य गोष्ट दडली.

१७८२ च्या तहाच्या वाटाघाटींत अविश्वासाची दिशा बदलली, आणि तिचे फळही वेगळे निघाले. फ्रान्सच्या सल्ल्याने चालावे अशी काँग्रेसची आज्ञा होती. जॉन जे याला व्हेर्जेनचा विश्वास वाटेना. व्हेर्जेनचा साहाय्यक रेनेव्हाल सप्टेंबरमध्ये गुपचूप इंग्लंडला गेला तेव्हा जेने आपल्या बाजूने बेंजामिन व्हॉन याला तिकडे धाडले. ऑक्टोबरच्या अखेरीस हॉलंडहून आलेला अ‍ॅडम्स जेच्या बाजूस मिळाला. आश्चर्य असे की फ्रँकलिनने दोघांचे ऐकले आणि ३० नोव्हेंबर १७८२ रोजी प्राथमिक तहावर व्हेर्जेनला न विचारता सह्या झाल्या. त्याच दिवशीच्या रोजनिशीत अ‍ॅडम्सने फ्रँकलिनच्या सहकार्याची मोकळ्या मनाने प्रशंसा केली आहे. आत्मचरित्रातील फ्रँकलिन वाचलेल्याने ही नोंद शेजारी ठेवून वाचावी. व्हेर्जेनने तक्रार केली तेव्हा १७ डिसेंबर रोजी फ्रँकलिनने जे उत्तर पाठविले तो मुत्सद्दी गद्याचा उत्तम नमुना आहे : औचित्यभंग झाल्याचे त्यात मान्य केले आहे आणि त्याच पत्रात, आपल्यात फूट पडली असे इंग्रजांना वाटत आहे, तेव्हा हा लहानसा गैरसमज गुप्तच राहावा, असे सुचविले आहे. फ्रान्सने साठ लाख लिव्रचे नवे कर्जही दिले. अर्थात गुप्ततेची ही विनंती ज्या घरातून निघाली त्या घरात बँक्रॉफ्टची ये-जा अजून चालूच होती.

डीनचे काय झाले, हे थोडक्यात सांगता येते. काँग्रेस त्याचे म्हणणे ऐकेना, म्हणून डिसेंबर १७७८ मध्ये त्याने वृत्तपत्रात जाहीर निवेदन छापले. त्यातून उठलेल्या वादळात काँग्रेसचा अध्यक्ष हेन्री लॉरेन्स याने राजीनामा दिला, आणि डीनला उत्तर देताना फ्रेंच मदतीचे गुपित फोडल्याबद्दल थॉमस पेन याला परराष्ट्र समितीचे चिटणीसपद सोडावे लागले. १७८१ मध्ये निराश डीनने युद्ध सोडून द्यावे अशा अर्थाची पत्रे लिहिली, ती न्यूयॉर्कच्या इंग्रजधार्जिण्या पत्रात छापली गेली, आणि लीने त्याच्यावर इतकी वर्षे जो आरोप केला होता तो आता त्याच्याच अक्षराने खरा ठरला. तो सप्टेंबर १७८९ मध्ये अमेरिकेस परतण्यासाठी जहाजावर चढला आणि थोड्याच वेळात वारला. त्याच्या वारसांना काँग्रेसने १८४२ मध्ये सुमारे ३७ हजार डॉलर दिले आणि जुनी हिशेब-तपासणी अन्यायाची असल्याचे मान्य केले. बोमार्शेच्या वारसांना १८३५ मध्ये आठ लाख फ्रँक मिळाले होते.

बँक्रॉफ्ट मात्र प्रतिष्ठेने जगला आणि १८२१ मध्ये निधन पावला. १८८९ च्या सुमारास इंग्लंडमधील ईडनचे कागद प्रकाशात आले तेव्हा, म्हणजे संबंधित सर्व माणसे जाऊन अनेक दशके लोटल्यावर, त्याचे खरे काम कळले. या एका गठ्ठ्याने आधीचा सारा पत्रव्यवहार पुन्हा वाचावा लागला : लीच्या वाक्यांतील काही वेडसर वाटणारी वाक्ये शहाणी ठरली, फ्रँकलिनच्या विनोदाला कडवट चव आली. त्या गठ्ठ्यातूनच आणखी एक विसंगती बाहेर पडली. तिसरा जॉर्ज राजा बँक्रॉफ्टच्या बातम्यांवर विश्वास ठेवीत नसे. हा सट्टेबाज बाजारभाव हलविण्यासाठी भयंकर बातम्या पाठवितो, अशी त्याची समजूत होती. ज्या बातम्यांसाठी इंग्रज सरकार हजार पौंड मोजत होते, त्या राजाच्या मेजावर सट्टेबाजाच्या अफवा ठरत होत्या.

बँक्रॉफ्टने स्वतः आपल्या कामाची हकीकत एकदाच सलग लिहिली. सप्टेंबर १७८४ मध्ये इंग्लंडचा परराष्ट्रमंत्री कारमार्थेन याला पाठविलेल्या अर्जात, आपल्याला कोणी नेमले, कोणत्या अटींवर, आणि पासीहून आपण काय काय कळविले, हे त्याने क्रमवार मांडले आहे. या साऱ्या प्रकरणातील इतका उघड आणि निःसंकोच कागद दुसरा नाही, आणि त्याचे प्रयोजनही त्याच्या शेवटी स्पष्ट लिहिलेले आहे : नेमणुकीची थकलेली रक्कम मिळावी.